पासिंगचे टायर

मी गाडी खालून वर बघते. आधी टायर, मग चाकांचे नट, मग कमानपाटे, दिवे, काचा आणि सगळ्यात शेवटी चालक. ही पद्धत कुठल्या नियमपुस्तकात नाही. नोकरीच्या पहिल्या महिन्यात चाळीस-पन्नास पुरुष आपापल्या गाडीला टेकून माझ्याकडे बघत उभे असायचे आणि मला नजर टेकवायला एखादी जागा हवी होती. टायर बरे वाटले. ते उलट आपल्याकडे बघत नाहीत.

मी सहायक मोटार वाहन निरीक्षक आहे. लोक 'आरटीओ मॅडम' म्हणतात. नोकरीला सहा वर्षं झाली. अशा लेखासाठी हा अनुभव थोडा आहे, असं मी संपादकांना कळवलं होतं. त्यांनी उलट विचारलं, "पण गाड्या काय काय करून पास होतात ते तुम्हाला माहीत असेल ना?" ते मला माहीत आहे, असं मलाही बरेच दिवस वाटत होतं.

घरच्या लग्नकार्यात मला हमखास एक प्रश्न येतो. "अगं, आमच्या गाडीचं पासिंग दरवर्षी करायचं असतं का? आणि कुठे?" उत्तर असं की तुमची स्वतःची, घरच्या वापराची गाडी असेल तर पंधरा वर्षांपर्यंत काळजी नाही. पंधरा झाली की तपासून नोंदणी वाढवून घ्यायची आणि पुढे दर पाच वर्षांनी. धुराची तपासणी म्हणजे पीयूसी वेगळी, ती सगळ्यांनाच लागते. दरवर्षीचं पासिंग असतं ते भाड्याने माल किंवा माणसं वाहणाऱ्या गाड्यांचं. टेम्पो, ट्रक, रिक्षा, कंपनीच्या बस, शाळेच्या व्हॅन. नवी असताना दोन वर्षांतून एकदा आणि आठ वर्षांची झाली की दरवर्षी. शाळेच्या गाडीकडे तर आम्ही जरा जास्तच निरखून बघतो.

कुठे करायचं, याचं उत्तर मात्र बदलत चाललंय. पूर्वी तालुक्याच्या एखाद्या मैदानावर कॅम्प लागला की तिथेच गाड्या पास व्हायच्या. पण ब्रेक तपासायला अडीचशे मीटरची सरळ पट्टी लागते, आणि पट्टी नसेल तिथे पासिंग करू नये, असं ठरलं. मग मैदानं गेली. आमची पट्टी पाटसच्या अलीकडे, हायवेपासून आत एका माळावर आहे. दौंडच्या गाड्या तिथे येतात आणि शिरूरकडच्या काही न्हावऱ्यावरून, चौफुल्यावरून येतात. कोरेगाव भीमाच्या कारखान्यांच्या बस येतात, साखर कारखान्याचा हंगाम जवळ आला की ऊस वाहणाऱ्या गाड्यांची रांग लागते. आता काही ठिकाणी स्वयंचलित केंद्रंही झाली आहेत. तिथे गाडी रोलरवर उभी करतात आणि ब्रेक किती धरतो ते यंत्रच सांगतं. तेव्हा घरून निघण्यापूर्वी परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या गाडीला कुठलं केंद्र आहे ते बघा. तारीख आणि वेळही तिथेच घ्यावी लागते. ही तारीख आणि वेळ संगणक ठरवतो. तो हे गाव आणि ते गाव असं काही बघत नाही. पुढची सगळी गोष्ट त्यामुळेच घडली.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, घर पुण्यातलं. पट्टीवर आलेल्या माणसांचं बोलणं मला सुरुवातीला अर्धंच कळायचं. न कळलेलं विचारायचा धीर नव्हता. मी मान हलवायची आणि शब्द वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवायची. झिजून गुळगुळीत झालेल्या टायरला 'गोटा झाला' म्हणतात, हे मला असं वहीतून कळलं. पुढे वहीच्या पुढच्या पानांवरही नोंदी सुरू झाल्या. प्रत्येक टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन म्हणजे वर्षाचा कितवा आठवडा आणि पुढचे दोन म्हणजे वर्ष. टायरचा जन्म त्यावरून कळतो. ते आकडे लिहून ठेवायला मला कोणी सांगितलेलं नव्हतं. मला फक्त जाणून घ्यायचं असायचं, की या माळावर येणारे टायर किती वयाचे असतात.

गाड्यांच्या तऱ्हा मग हळूहळू कळत गेल्या. एका टेम्पोतलं आग विझवायचं नळकांडं मी उचललं तर ते रिकाम्या डब्यासारखं हलकं. वरून लाल रंग मात्र ताजा, बोटाला लागला. चालक म्हणाला, "मॅडम, आग लागली तर तुमी बी पळणार आन् मी बी पळणार. त्याला घेऊन कोण थांबतंय?" दुसऱ्याच्या प्रथमोपचार पेटीत कंगवा, देवाचा फोटो आणि बामची बाटली निघाली. "बाम हाय की!" तो खरोखरच दुखावला होता. एक दुधाचा टेम्पोवाला ब्रेकच्या परीक्षेला डोळे मिटून पट्टीच्या कडेला उभा राहायचा. पोराच्या निकालाला बाप उभा राहतो तसा. टेम्पो त्याचा भाऊ चालवायचा.

मी कोणाशी फार बोलत नाही. लोकांना वाटतं, मॅडम कडक आहेत. तसं काही नाही, पण तो समज मी मोडलाही नाही. उपयोगाचा आहे.

गेल्या जूनमधला मंगळवार. येत्या सोमवारपासून शाळा सुरू होणार होत्या, त्यामुळे रांगेत व्हॅन बऱ्याच होत्या. सकाळी दहाला पहिला आला तो संपत. कासुर्डीच्या पुढे आत एक गाव आहे, तिथला. वय पस्तिशीच्या आसपास, गाडी छोटा हत्ती, म्हणजे लहान टेम्पो. कांदा, टोमॅटो, कधी लग्नाच्या खुर्च्या, असं काहीही वाहतो. दिवे ठीक, ब्रेक ठीक, टायर तर नव्यासारखे. मी वहीत आकडे लिहिले आणि पुढच्या गाडीकडे गेले. निकाल मी सगळे दुपारनंतर एकदम संगणकावर भरते.

अकराच्या सुमाराला त्याच गावची शाळेची व्हॅन आली. छोट्या हत्तीच्याच सांगाड्यावर बांधलेली, बसायच्या बाकांची, पिवळी. चालक आणि मालक एकच, साठीकडे झुकलेले. रांगेतले सगळे त्यांना आप्पा म्हणत होते, मीही तेच म्हणू लागले. आप्पांची व्हॅन आतून इतकी स्वच्छ होती की मी बूट झटकून आत चढले. खिडक्यांना गज, पेटीत औषधं खरी, नळकांडं भरलेलं. टायरचे आकडे लिहायला वाकले. लिहिताना हात किंचित थांबला, पण मागून पुढची गाडी हॉर्न देत होती. म्हटलं, ब्रेक बघून घेऊ.

ब्रेकच्या परीक्षेत गाडी तिचा नेहमीचा चालकच चालवतो आणि मी शेजारी बसते. गाडी पट्टीवर वेग घेते, खुणेपाशी ब्रेक दाबायचा, मी गाडी सरळ थांबते का आणि किती अंतरात ते बघते. आप्पांनी गाडी सोडली. तीसच्या वर काटा गेला आणि मागून, डाव्या बाजूने आवाज आला. टक. टक. टकटक. गाडी त्याच तालात डोलायला लागली.

"आप्पा, ब्रेक मारू नका. नुसता पाय काढा."

त्यांनी पाय काढला. गाडी हळूहळू मंदावत पट्टीच्या शेवटी थांबली. आम्ही दोघे उतरलो. मागच्या डाव्या चाकाला चार नट असतात. एक जागेवर नव्हताच. दुसऱ्याला आप्पांनी हात लावला तर तो तळहातावर आला. उरलेले दोन मी बोटांनी फिरवून पाहिले, फिरले. आणखी थोडं अंतर, थोडा वेग, आणि मी ब्रेक मारायला सांगितलं असतं, तर चाक आमच्या आधी पुढे गेलं असतं.

आप्पा रस्त्यावरच बसले. नट हातात धरून. मग म्हणाले, "एकवीस वर्सं गाडी चालवतोय, मॅडम. एक खरचटा न्हाई."

"हे चाक कधी बसवलं?"

"सकाळी."

"कुठे?"

त्यांची मान माळाच्या टोकाला असलेल्या बाभळींच्या रांगेकडे वळली.

मी वही उघडली. आप्पांच्या व्हॅनचे आकडे आणि त्यांच्या वर तासाभरापूर्वीच्या संपतच्या टेम्पोचे. चारही टायर तेच. दोन एकाच आठवड्यात जन्मलेले, एक त्यांच्याहून वर्षभर मोठा आणि चौथा वेगळ्याच कंपनीचा, बाजूला नखाएवढी चीर असलेला. मी मागची पानं उलटत गेले. वर्षभरात तेच चार टायर आणखी सहा गाड्यांवर माझ्यापुढून गेले होते. सहाही गाड्या त्याच गावच्या. सहाही मी पास केल्या होत्या. आकडे मीच माझ्या हाताने लिहिले होते, आणि कधी दोन पानं समोरासमोर ठेवून पाहिली नव्हती.

मी वही आप्पांपुढे धरली. त्यांनी डोळे बारीक करून वाचली.

"व्हय," ते म्हणाले. "गावाचं हायती ते टायर."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मला रागावायला हवं होतं, पण मी खाली बसून ऐकत राहिले. काही वर्षांपूर्वी गावातला एक टेम्पो टायरवरून नापास झाला. तेव्हा नऊ गाडीवाल्यांनी वर्गणी काढली, जत्रेची काढतात तशी, आणि चार टायर रिमांसकट घेतले. नऊही गाड्या एकाच सांगाड्याच्या, त्यामुळे चाकं कुठेही बसतात. टायर राहतात पंक्चरवाल्याकडे, भिंतीला टांगून. ज्याचं पासिंग त्याने आदल्या संध्याकाळी न्यायचे, पासिंग झालं की त्याच दिवशी धुऊन परत आणायचे. मधे भाडं मारायचं नाही. हा नियम आजवर कोणी मोडलेला नाही. दसऱ्याला त्यांना झेंडूचा हार घालतात.

म्हणजे गावातले सगळ्यात चांगले टायर हे गावात सगळ्यात कमी चाललेले टायर होते. एवढी शिस्त मी आमच्या कार्यालयातही पाहिलेली नाही.

"मग आज काय झालं?"

"दोघांची तारीख एकच आली न्हवं का. संपतची धाची, माझी अकराची. आजवर असं कवा झालंच न्हाई."

आम्ही चालत बाभळींकडे गेलो. तिथे संपतचा टेम्पो उभा होता, आप्पांच्या व्हॅनच्या गोटा झालेल्या टायरांवर. जमिनीवर दगडांच्या थप्प्या, एक जॅक आणि एक पाना. दोन गाड्यांची आठ चाकं त्यांनी एका जॅकवर अर्ध्या तासात बदलली होती. उजवीकडची आप्पांनी, डावीकडची संपतने. शेवटचं चाक चालू असताना कोणीतरी ओरडलं होतं, "मॅडम पिवळ्या गाड्या बोलावतायत!" आणि संपतने नट हाताने फिरवून, आवळायचं राहू देऊन, व्हॅन सोडली होती.

संपत काळे झालेले हात मातीने चोळत बसला होता. मला बघून उठला. आप्पांनी नट त्याच्यापुढे धरला.

"हे काय?"

"तुझं काम. मागलं डावं."

संपतचा चेहरा उतरला, पण तोंड बंद झालं नाही. "मॅडम, माज्या गाडीत ब्रेक हाय, दिवं हाय, समदं हाय. टायर तेवढं जरा दुसऱ्याचं."

"जरा नाही. चारही."

"नवरी बघायला पाव्हणं आलं की शेजारणीचं डाग घालत्यातच की पोरीच्या गळ्यात. म्हणून काय पोरगी खोटी असती व्हय?"

रांगेतून आलेले दोघे-तिघे हसले. मीही हसले असते, पण मला अजून ते टकटक ऐकू येत होतं. मी म्हटलं, "दागिना निसटला तर पोरगी मरत नाही, संपतराव."

कोणी हसलं नाही. मी एवढं मोठं वाक्य पट्टीवर बोलल्याचं रांगेतल्या जुन्या लोकांनाही नवल वाटलं असावं. मलाही वाटलं.

दोन्ही गाड्या नापास करते, असं सांगितलं. संपत कुरकुरला. आप्पा पाना घेऊन व्हॅनकडे गेले. नटाला पाना लावला, चाक घट्ट बसवलं, ओढून पाहिलं, पुन्हा आवळलं. मग माझ्याजवळ आले.

"रदबदली करायला न्हाई आलो, मॅडम. फकस्त सांगतो. सोमवारी शाळा हाय. पैल्याच दिशी शाळंला पासिंगच्या दाखल्याची नक्कल द्यावी लागती, न्हाईतर गाडी बंद. वस्तीवरची चौदा पोरं हायती माज्याकडं. आट पोरं, सहा पोरी. वस्तीवर एसटी येत न्हाई. शाळा नऊ किलोमीटर. पोरांना सायकली देत्याल, कुणाच्या फटफटीवर पाठवत्याल. पोरींना म्हणत्याल, चार दिस ऱ्हा घरी. मग चाराचं आट व्हत्यात. पोरगी एकदा घरी बसली की पुन्ना दप्तर हातात घ्यायला लई वेळ लागतो. म्या बघितलंय."

सायकल मुलीही चालवतात, हे म्हणायचं माझ्या तोंडावर आलं होतं. पण ते नियम सांगत नव्हते, गाव सांगत होते. मी म्हटलं, "शुक्रवारी चारला आणा. फेरतपासणीच्या गाड्या शेवटी घेता येतात, मी साहेबांची परवानगी काढून ठेवते. पण टायर तुमचे हवेत."

आप्पांनी जरा विचार केला. "माजंच हायती हे तुमाला कळंल कसं?"

टोमणा नव्हता त्यात. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्या संध्याकाळी मी नियम उघडून बसले. टायरच्या खाचा किती खोल हव्यात ते लिहिलंय, दीड मिलिमीटरहून थोड्या जास्त. टायर फाटलेला, फुगलेला नको, ते लिहिलंय. टायर कोणाचा हवा, हे कुठेही लिहिलेलं नाही. नियम एवढंच विचारतो की आज, या घटकेला, या गाडीखाली चांगले टायर आहेत का. म्हणजे आप्पा शुक्रवारी तेच चार टायर घेऊन, नट नीट आवळून आले असते, तर मला व्हॅन पास करावी लागली असती. आणि सोमवारी सकाळी टायर पुन्हा भिंतीवर गेले असते आणि चौदा मुलं गोट्यांवर बसून शाळेत गेली असती.

पूर्वीच्या सहा गाड्यांचं काय, हेही होतंच. ते मला कोणी विचारलं नव्हतं आणि कदाचित कधी विचारलंही नसतं. बुधवारी मी साहेबांना वही दाखवली. त्यांनी पानं चाळली आणि म्हणाले, "हे तुम्ही स्वतःहून सांगताय, तर लेखी द्या." मी लेखी दिलं. सहाजणांना फेरतपासणीच्या नोटिसा गेल्या आणि माझ्याकडून खुलासा मागवला गेला. तो खुलासा लिहायला मला त्या सहा गाड्या तपासण्यापेक्षा जास्त वेळ लागला. पाच गाड्या पुढे परत आल्या. सहावी दरम्यान विकली गेली होती, जिल्ह्याबाहेर. ती आज कुठल्या टायरांवर फिरते हे मला माहीत नाही. रस्त्यावर तशी गाडी दिसली की मी अजूनही तिचा नंबर वाचते.

आता राहिला शुक्रवार. आप्पा नवे टायर घेतील असं मला वाटत नव्हतं. उन्हाळ्याचे दोन महिने व्हॅन उभीच असते, कमाई नसते. कुणाचे तरी जुने, पण बरे टायर मिळवतील, किंवा येणारच नाहीत. मी दिवसभर बाकीच्या गाड्या तपासत होते आणि मधूनमधून हायवेच्या वळणाकडे बघत होते. वाट बघतेय हे कोणाला दिसू नये म्हणून वहीत उगीच काहीतरी लिहीत होते.

पावणेचारला पिवळी व्हॅन आली. आप्पा एकटेच. मी नेहमीप्रमाणे खाली वाकले.

तेच चार टायर. तोच जोड एका आठवड्याचा, तीच नखाएवढी चीर.

मी उठून उभी राहिले. नियमाप्रमाणे ही गाडी पास होती, आणि ते मला माहीत होतं तसं आप्पांनाही माहीत होतं, असं मला वाटलं. "आप्पा, हे तर गावाचे," मी म्हटलं.

"बाजूला बगा की."

मी पुन्हा वाकले. चाकाच्या बाहेरच्या बाजूला, कंपनीच्या नावाखाली, व्हॅनचा नंबर होता. रंगवलेला नव्हता. तापल्या सळईने डागलेला. अक्षरं वेडीवाकडी, काळ्यावर काळी, पण बोटाला स्पष्ट लागत होती. मी चारही चाकांभोवती फिरले. चारही टायरांवर तोच नंबर. ट्रकवाले चोरीच्या भीतीने टायर असे डागतात, ते मी पाहिलं होतं. पण हे टायर आता दुसऱ्या कुठल्याच गाडीला लावून माझ्यापुढे आणता येणार नव्हते. नंबर एका गाडीचा आणि टायर दुसऱ्या गाडीखाली, हे कुठल्याही निरीक्षकाला दुरूनही दिसलं असतं.

"पंक्चरवाल्याकडं बसलो सगळी," आप्पा म्हणाले. "लई वाजलं. कुणी म्हणलं, आप्पाचं काम झालं की परत टांगू. कुणी म्हणलं, आरटीओनं नंबर लिवून घेतल्यात, आता ह्या टायरांचा काय उपेग? दोन तास नुसतं त्योंडाला त्योंड. मग संपत उठला. सळई विस्तवात घातली आन् म्हणला, व्हॅनचा नंबर सांगा."

"संपतने?"

"पैला डाग त्यानंच दिला. कुणी काय बोलायच्या आत. एकदा डाग बसल्यावर कोण काय बोलणार?"

मी नखाने डागांची खोली पाहिली. वरच्या थरापुरतेच होते, आत तारेपर्यंत गेलेले नव्हते. ते तपासणंही माझं कामच होतं आणि बरं झालं, त्या निमित्ताने मला थोडा वेळ खालीच बघता आलं. मग नट. सोळा नट मी स्वतः पाना लावून पाहिले. एकही हलला नाही. पट्टीवर गाडी चाळिसाला गेली, खुणेपाशी आप्पांनी ब्रेक दाबला आणि व्हॅन नाकासमोर, सरळ, पुढच्या खुणेच्या आत थांबली. आवाज फक्त टायर घासल्याचा. दाखला त्याच संध्याकाळी निघाला. सोमवारी व्हॅन चालू झाली, हे मला आप्पांच्या फोनवरून कळलं. त्यांनी दुसरं काही सांगितलं नाही. "चौदाच्या चौदा," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

महिनाअखेरीला संपत पुन्हा आला, स्वतःच्या टायरांवर. त्याच्या गावचे बाकीचेही एकेक करून यायला लागले होते, आणि प्रत्येकजण माझ्यापुढे पोचेपर्यंत एकच वाक्य रांगेत पुढे पोचलेलं असायचं, "आमचं टायर मॅडमनी शाळंला दिलं." मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करत असे. संपत नेहमीसारखा बडबडत नव्हता. टेम्पो उभा करून बाजूला हात बांधून उभा राहिला.

उजवीकडचे दोन्ही टायर गोटा झालेले होते. मागचा डावा कडेने झिजलेला. पुढचा डावा तेवढा ठीक होता. मी कागदावर लिहून त्याला दिलं. त्याने तिन्ही नोंदी वाचल्या.

"नापास."

"नापास," मी म्हटलं. "तिन्ही बदलून आणा. फेरतपासणीला तारीख लागणार नाही."

मला वाटलं, आता तो बोलेल. टायर दिल्याचं, डागल्याचं, त्याच्या टेम्पोच्या नशिबाचं. त्याने कागदाची घडी केली आणि खिशात घातली. मग टेम्पोकडे बघत म्हणाला, "माजी पोरगी पाचवीला हाय. आप्पाच्या गाडीत जाती. तिची जागा ठरल्याली, कुणाला बसू देत न्हाई तितं. मागल्या डाव्या चाकावर."

तो जायला निघाला, चार पावलं गेला आणि परत आला.

"मॅडम, एक इचारू? हसू नका."

"विचारा."

"नट कसं आवळायचं असत्यात, रीतसर? आजवर आवळत आलोय, पर कुणी शिकवलं न्हाई."

त्याने सीटखालून पाना काढून माझ्या हातात दिला. मागे आणखी तीन गाड्या उभ्या होत्या, त्यातली एक हॉर्न देत होती. मी त्याच्या टेम्पोच्या चाकापाशी बसले. एकापाठोपाठ एक शेजारचे आवळायचे नाहीत, समोरासमोरचे आवळायचे, हा झाला की तो, मग उरलेले दोन. आधी चारही थोडे थोडे, मग गाडी जॅकवरून उतरवून पुन्हा पूर्ण. संपत गुडघ्यावर बसून बघत होता. त्याने पाना मागून घेतला.

"आता मी करतो," तो म्हणाला. "तुमी बघा."